अकरावा कुठं आहे?

कांगा लीगचा हंगाम अवघड असतो, कारण तो अवघड असावा म्हणूनच आखलेला आहे. इतरत्र पाऊस आला की क्रिकेटचं सामान माळ्यावर जातं. मुंबईत मात्र भर पावसाळ्यात रविवारी सकाळी पांढरे कपडे घालून माणसं मैदानाकडे निघतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझला सरासरी २३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खेळपट्टीवर झाकण नाही, आउटफिल्डचं गवत घोट्याच्या वर आलेलं. जमिनीलगत मारलेला फटका तिथेच रुतून बसतो, म्हणून चेंडू उचलूनच मारावा लागतो, आणि उचलला की झेल. अशा पट्टीवर शंभर धावांत सामना जिंकता येतो.

१९४८ साली ही स्पर्धा सुरू झाली. कसोटीपटू विजय मर्चंट यांचा त्यात पुढाकार होता. ओल्या खेळपट्टीवर, ढगाळ हवेत खेळायची सवय झाली तर इंग्लंडमध्ये आपला फलंदाज गडबडणार नाही, हा त्यामागचा एक विचार. नाव दिलं ते डॉ. होरमसजी कांगा यांचं. पेशाने डॉक्टर असलेले कांगा पारशी संघाचे नामवंत फलंदाज होते आणि १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघात त्यांचा समावेश होता. त्याच संघात पळवणकर बाळू होते. पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टीला रोलर फिरवणारा, जाळीत साहेबांना गोलंदाजी करणारा हा चर्मकार समाजातला तरुण त्या दौऱ्यात संघाचा सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरला. क्लबाच्या कामाची चर्चा करताना बाळूंचं नाव आधी घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण मुंबई-पुण्याच्या क्रिकेटचा पाया खेळाडूंइतकाच मैदानावर राबणाऱ्यांनी घातला आहे.

पहिली काही दशकं कांगातली अडचण मैदानाच्या आत होती. ओला चेंडू, मध्येच उसळणारी किंवा घरंगळत येणारी पट्टी, स्पाइक्समध्ये अडकणारा चिखल. या अडचणीतून माणसं घडली. माटुंग्याच्या दडकर मैदानावरची दादर युनियन माधव मंत्रींच्या आणि पुढे वासू परांजपे यांच्या शिस्तीसाठी ओळखली जायची. सुनील गावसकर आणि दिलीप वेंगसरकर तिथले. शिवाजी पार्क जिमखान्याच्या पद्माकर शिवलकरांना प्रथमश्रेणीत ५८९ बळी घेऊनही भारताची टोपी मिळाली नाही, पण कांगातल्या ओल्या पट्टीवर त्यांच्यासमोर उभं राहणं म्हणजे काय, हे त्या पिढीचे फलंदाज आजही सांगतात. १९८४ साली अकरा वर्षांचा सचिन तेंडुलकर जॉन ब्राइट क्लबकडून या लीगमध्ये उतरला. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं रणजी करंडक मुंबईकडे राहिला, त्याची तालीम या चिखलात झाली.

या कथा आपल्याला पाठ आहेत. सहसा सांगितलं जात नाही ते असं की गेल्या तीसेक वर्षांत अडचण सीमारेषेच्या बाहेर सरकली. ती फलंदाजाच्या अंगावरून उतरली आणि क्लबाच्या सेक्रेटरीच्या अंगावर आली.

कांगात ए पासून जी पर्यंत सात गट आहेत आणि शंभराच्या घरात संघ. वरच्या गटांतल्या काही संघांमागे जिमखाना असतो, प्रायोजक असतो. खालच्या गटांत उतरलं की क्लब म्हणजे एक लोखंडी पेटी, दोन किटबॅगा, मैदानाच्या कडेला एक तंबू आणि तो चालवणारी दोन-चार माणसं. मी ज्या क्लबाचा स्कोअर लिहायला बसतो तो असाच. त्याचं नाव लिहीत नाही, कारण आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क इथे त्याच्यासारखे कितीतरी आहेत आणि जे पुढे सांगतो आहे ते त्या सगळ्यांचं आहे. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. पोरं त्यांना काका म्हणतात. पगार नाही, मानधन नाही. उलट दरवर्षी खिशातून काही ना काही जातंच.

गेला पावसाळा या क्लबाला जड गेला. पहिल्या सामन्याच्या आधीच्या शनिवारी रात्री काकांच्या हातात वही होती आणि तीत अठरा नावं. प्रत्येक नावापुढे खूण करायची ती फोन झाल्यावर. व्हॉट्सॲपवर सगळे अंगठा दाखवतात, म्हणून काका त्यावर विसंबत नाहीत. ते फोनच करतात.

‘‘अरे, उद्या येतोयस ना?’’

‘‘काका, येतो, पण मेगाब्लॉक आहे. डोंबिवलीहून निघून साडेनऊला पोहोचेन की नाही माहीत नाही.’’

‘‘आठलाच नीघ. ठाण्याला उतरून दुसऱ्याच्या बाइकवर ये. मी सांगतो त्याला.’’

रविवारचा मेगाब्लॉक हा आजच्या कांगा लीगचा खरा बारावा खेळाडू आहे आणि तो नेहमी प्रतिस्पर्ध्याकडून खेळतो. रुळांची देखभाल रविवारी होणार, सामनेही रविवारी होणार. चर्चगेट आणि सीएसएमटीच्या मधल्या मैदानात उतरणारी पोरं आता विरार, बदलापूर, पनवेलला राहतात. पन्नास वर्षांपूर्वी हा प्रश्नच नव्हता. लालबाग, परळ, गिरगाव, दादरमधली पोरं बॅट खांद्यावर टाकून बसने किंवा चालत मैदानावर यायची. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या कधी उभ्या राहिल्या नाहीत आणि गिरणगावातली कुटुंबं हळूहळू उपनगरांच्या पलीकडे सरकली. चाळी गेल्या, टॉवर आले. क्लबांचे पत्ते जुनेच राहिले, खेळाडूंचे बदलले. मुंबई क्रिकेटच्या इतिहासात संप आणि क्रिकेट यांची प्रकरणं वेगळी असतात, पण शनिवारी रात्रीचा एक फोन ऐकला की ती एकच आहेत हे कळतं.

दुसरी गोष्ट नोकरीची. कंपन्यांच्या संघांमधल्या टाइम्स शील्ड स्पर्धेच्या भरभराटीच्या काळात टाटा, मफतलाल, निरलॉन, एसीसी, बँका यांचे संघ होते. चांगला क्लब क्रिकेटपटू म्हणजे त्याला नोकरी, सरावाला सुट्टी, घरी पगार. ती भरती आटत गेली. आता बावीस वर्षांचा वेगवान गोलंदाज रविवारीही शिफ्टला असतो, किंवा घरोघर पार्सल पोहोचवत असतो. त्यातून टेनिस बॉलच्या स्पर्धा रोख बक्षीस देतात. २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची टी-१० लीग सुरू झाली आणि या खेळाला टीव्ही मिळाला. ज्याला घर चालवायचं आहे त्याने तिकडे जाऊ नये असं मी म्हणणार नाही. पण तो गेला की काकांच्या वहीत एक खूण कमी होते आणि कांगात त्या खुणेला बदली नसते, कारण नोंदणी झालेला खेळाडूच उतरवता येतो.

संघ उभा राहिला नाही की वॉकओव्हर. खालच्या गटातल्या क्लबाला वॉकओव्हरची भीती पराभवापेक्षा जास्त असते. हरलेल्या सामन्यात पोरांना दोन षटकं मिळतात, कोणी पंधरा धावा करतं, पुढच्या रविवारी यायचं कारण उरतं. वॉकओव्हर दिला की आलेली आठ पोरंसुद्धा पुढच्या वेळी विचार करतात. म्हणून जुलैच्या एका रविवारी आमचा संघ नऊ जणांवर उतरला. सकाळी हिंदमाताला पाणी भरलं होतं आणि दोघं दादरलाच अडकले. समोरच्या संघाच्या कर्णधाराने नाणेफेकीला थांबायची तयारी दाखवली. मैदानावरचं हे सौजन्य नियमपुस्तकात सापडायचं नाही, पण खालचे गट त्यावरच चालतात. नऊ जणांनी क्षेत्ररक्षण केलं. लाँगऑफ नाही, थर्डमॅन नाही. एक चेंडू गवतात गेला तो सापडेपर्यंत फलंदाजांनी तीन धावा पळून काढल्या, आणि चेंडू पंचांच्याच पायाशी निघाला. आम्ही हरलो. दहावा आला तो चौदाव्या षटकात, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

त्या दिवशी पट्टी खेळण्याजोगी होती ती मैदानाच्या माळ्यामुळे. पहाटे पाचला त्याने पाणी बाहेर काढलं. आधी स्पंजने, मग गोणपाट दाबून, मग पिळून बादलीत. पंपाने माती उचलली जाते म्हणून तो पंप लावत नाही. गोलंदाजाचा पाय पडतो त्या खड्ड्यात त्याने जवळच्या वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा टाकला आणि वर माती ठोकली. रोलर फिरवायचा की नाही हे तो अंगठा जमिनीत दाबून ठरवतो. अंगठ्याचा ठसा चमकला तर थांबायचं, कारण ओलीवर रोलर फिरवला की वरची साय बसते आणि दुपारपर्यंत ती पापुद्र्याने सुटते. हे ज्ञान कुठल्या अभ्यासक्रमात नाही. एकनाथ सोलकर हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. तिथल्याच फळ्यावर धावांचे आकडे बदलत तो मोठा झाला, आणि २७ कसोटींत त्याने ५३ झेल घेतले, बहुतेक फलंदाजाच्या अगदी तोंडाशी उभं राहून. आज माळ्याचा मुलगा मैदानावर येत नाही. बापाला काय मिळतं हे त्याने पाहिलेलं असतं. मुंबईच्या क्रिकेटसमोरचा हा सर्वांत गंभीर प्रश्न आहे असं माझं मत आहे. फलंदाज आणखी मिळतील, पट्टी वाचणारा माणूस मिळणं कठीण आहे.

जागेचं भांडण जुनंच आहे. पारशांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, आणि १८८० च्या दशकात एस्प्लनेडच्या मैदानावर पोलो खेळणाऱ्या युरोपीयांच्या घोड्यांनी पट्ट्या उखडल्या म्हणून सरकारदरबारी अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी त्या लढ्यावर पुस्तकच लिहिलं. आमच्या काळात मेट्रो ३ च्या कामासाठी आझाद मैदानाचा काही भाग पत्र्यांआड गेला. मेट्रो हवीच होती. भुयारी गाडी सुरू झाल्यावर पोरांना मैदानापर्यंत यायला सोपं झालं हेही खरं. शिवाय आझाद मैदान फक्त क्रिकेटचं नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून चालत आलेले शेतकरी तिथेच येऊन थांबले, आणि त्यांनी तिथेच यावं हे योग्य आहे. पण पट्ट्या कमी झाल्या की सामने दाटीवाटीने बसतात आणि एका पट्टीचा लाँगऑन दुसऱ्या पट्टीच्या स्लिपमध्ये उभा राहतो.

२०२० साल तर सगळ्यांसाठीच कोरं गेलं. मैदानं बंद, माळी गावी. त्या वर्षी काकांनी जे केलं ते स्कोअरबुकात आलं नाही. माळ्याला गावी दर महिन्याला पैसे गेले पाहिजेत म्हणून त्यांनी जुन्या खेळाडूंना, अगदी दुबईत आणि न्यू जर्सीत स्थायिक झालेल्यांनाही, एकेक करून फोन लावले. पैसे आले. क्लब टिकला तो त्या फोनांवर. सामने नसताना क्लब म्हणजे नेमकं काय उरतं, याचं उत्तर मला तेव्हा मिळालं.

गेल्या हंगामात मात्र काकाच थकले. ऑगस्टमध्ये त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तीन रविवार ते मैदानावर नव्हते. त्या तीन रविवारांत उघड झालं की क्लबाचं सगळं एकाच डोक्यात होतं. नोंदणीचे अर्ज कुठे आहेत, चेंडूंची ऑर्डर कुणाकडे द्यायची, तंबूच्या कुलपाची दुसरी चावी, पंचांच्या चहाजेवणाची सोय, कुठल्या पोराच्या घरी कोण आजारी आहे म्हणून त्याला फोन करू नये. दुसऱ्या रविवारी चावी सापडेना म्हणून शेजारच्या क्लबाचे स्टम्प मागून आणले. तिसऱ्या रविवारी वॉकओव्हर गेला. आठ जण आले होते. त्यांनी एक तास एकमेकांना गोलंदाजी केली आणि वडापाव खाऊन घरी गेले.

या क्लबांना पैसे कमी पडतात हे खरंच आहे, आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनने खालच्या गटांच्या मैदानांसाठी व माळ्यांच्या वेतनासाठी जास्त हात सैल केला पाहिजे. रणजी करंडक ४२ वेळा जिंकणाऱ्या शहराला ते परवडतं. वेळापत्रक आखताना मेगाब्लॉकचा विचार करून लांबच्या खेळाडूंचे सामने उशिरा सुरू करता येतील का, हेही बघायला हवं. तरीही पैशाने न सुटणारा भाग मोठा आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या क्लब एकेका माणसाच्या जिवावर चालवले, त्या माणसाचं कौतुक केलं, त्याच्या नावाने स्मृतिकरंडक ठेवले, पण तो जिवंत असताना त्याच्या हातातलं निम्मं ओझं घ्यायला कोणी पुढे झालं नाही. स्वयंसेवा म्हणजे एकाची झीज, असं आपण धरूनच चाललो.

सप्टेंबरअखेर वार्षिक सभा झाली. काकांनी सेक्रेटरीपद सोडायचं ठरवलं होतं. नाव द्यायला कोणी तयार होईना, तेव्हा यष्टिरक्षकाने सुचवलं की पद राहू दे, कामं वेगळी करू. शनिवारचे फोन त्याने स्वतःकडे घेतले. हिशेब आणि असोसिएशनचे कागद एका जुन्या सलामीवीराच्या पत्नीने घेतले. त्या लेखापाल आहेत आणि गेली वीस वर्षं रविवारी नवऱ्याची वाट बघत आल्या आहेत. माळ्याचे पैसे आता वर्गणीतून दर महिन्याच्या पाच तारखेला थेट खात्यात जातात. तंबूच्या तीन चाव्या झाल्या. डोंबिवली, कल्याण, बदलापूरच्या पोरांनी एक गाडी भाड्याने ठरवायची आणि तिचा अर्धा खर्च क्लबाने द्यायचा, यावर मतदान झालं. ठराव एका मताने मंजूर झाला. विरोधात मत दिलेला खजिनदार दुसऱ्याच दिवशी गाडीवाल्याशी भाव करायला गेला. काकांकडे आता फक्त संघनिवड आहे, आणि त्यांनी वहीत नावांची संख्या अठरावरून चोवीस केली आहे.