बाण न सोडणारे धनुष्य

पैनगंगेचा उगम बुलढाणा तालुक्यातलाच, मढजवळच्या बुधनेश्वराचा. तिच्या वरच्या खोऱ्यात, घाटावर, देऊळघाट वसले आहे. घाटावरची जानेवारीतली सकाळ अंगाला झोंबते. अशाच सकाळी, २६ तारखेला, इथल्यासारख्या गावांतून दिवसाचा क्रम ठरलेला असतो: प्रभातफेरी, झेंडावंदन, कवायत, भाषणे आणि शेवटी खाऊ. भाषणे चालू असताना बायाबापड्यांची चुळबुळ होते, कोणी शेताकडे वळतो. पण मैदानाच्या कडेला लाकडी दांड्यांचा ढीग आणून टाकला आणि त्यातून खळ्ळ असा आवाज आला की निघालेली माणसेही परत फिरतात. लेझीम सुरू व्हायची असते.

शाळेतले वादन सगळीकडे असे नसते. अमेरिकेतल्या हायस्कुलांमध्ये वसंत ऋतूत शाळेच्या बँडची मैफल होते. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, समोर स्वरलिपीचे कागद आणि छडी घेतलेला संचालक, असा तो थाट असतो. आपल्याकडे गावच्या शाळेला एवढी वाद्ये घ्यायची ऐपत नसते आणि ती शिकवणारा माणूसही मिळत नाही. काही शाळांत ढोल, ताशा, बिगूल, बासरी असे बँडपथक असते, पण त्यात दहा-वीस मुलेच मावतात. लेझमीत मात्र सातवीचा अख्खा वर्ग उभा राहतो. ज्याला सूर लागत नाही तोही राहतो. आणि महिनाभराच्या सरावात ही साठ-सत्तर मुले एका ठोक्यावर वाजू लागतात. हे कसे होते, याची गोष्ट इराणच्या तालमींपासून सुरू होते.

आधी वाद्य हातात घेऊन पाहू. सुमारे दीड फुटाचा एक गोल लाकडी दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना अडकवलेली लोखंडी साखळी. साखळीच्या मधोमध पकडायला मूठ आणि मुठीच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या गोल चकत्या ओवलेल्या. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात मूठ. दोन्ही हात एकमेकांपासून लांब नेले की साखळी ताणली जाते आणि चकत्या एकमेकींवर आपटतात. हात जवळ आणले की साखळी सैल पडते आणि चकत्या पुन्हा वाजतात. उघडली की एक आवाज, मिटली की दुसरा. या वाद्यात स्वर नाही, फक्त हे दोन आवाज आहेत.

दांडा डाव्या हातात उभा धरा आणि उजव्या हाताने साखळी मागे ओढा. कोणाही मुलाला विचारा, हे काय दिसते? धनुष्य. दांडा म्हणजे धनुष्याची काठी आणि साखळी म्हणजे प्रत्यंचा. फारसीत ‘लेझम’ म्हणजे सरावाचे धनुष्य. तिरंदाजाच्या दंडात आणि खांद्यात ताकद यावी म्हणून तो दोरीऐवजी साखळी लावलेले धनुष्य पुनःपुन्हा ओढत असे. बाण सोडायचा नसल्यामुळे हा व्यायाम चार भिंतींच्या आतही करता येई. पुढे बंदुका आल्या, लढाईतून धनुष्य गेले, पण तालमीत ओढायचे धनुष्य राहून गेले.

इराणमध्ये ते आजही आहे. तिथल्या पारंपरिक तालमीला ‘झूरखाना’ म्हणतात, म्हणजे जोराचे, ताकदीचे घर. तिथे पहिलवान ‘कब्बादे’ नावाचे लोखंडी धनुष्य दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उजवीकडे-डावीकडे झुलवतात आणि त्याच्या जड साखळीतल्या कड्या वाजत राहतात. उंच ओट्यावर बसलेला ‘मुर्शिद’ ढोल वाजवून त्यांना लय देतो. झूरखान्याचा हा सगळा विधी युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. साखळीचे धनुष्य आणि सोबत चामड्याचे वाद्य ही जोडी तिथेही तशीच आहे, हे पाहून मराठी माणसाला घरचेच काही दिसल्यासारखे वाटते. फरक एवढाच की तिथे एका वेळी एकच पहिलवान कब्बादे उचलतो, कारण ते वजन आहे. आपल्या आखाड्यांतही जड लोखंडी लेझमीचा व्यायाम होता. पण महाराष्ट्राने त्याच्या बरोबरीने हलकी लाकडी लेझीम घडवली आणि वजन कमी झाल्याबरोबर ती पोरासोरांच्या हातात गेली.

हा प्रवास शब्दांतही उरला आहे. शाळेच्या मैदानावर शिकवल्या जाणाऱ्या प्रकारांची नावे ऐका: चार आवाज, एक जगह, पवित्रा, दो रुख, चौरुख, चौरुख बैठक, मोमिया. ‘रुख’ म्हणजे फारसीत चेहरा, म्हणून दिशा. दो रुख म्हणजे दोन दिशांना तोंड करून, चौरुख म्हणजे चारही दिशांना फिरून. शेजारचा ‘पवित्रा’ कुस्तीच्या आणि दांडपट्ट्याच्या फडातला, ‘बैठक’ तालमीतली. मराठी आणि उर्दू दोन्ही कानांवर पडणाऱ्या देऊळघाटसारख्या गावात ही नावे कोणाला परकी वाटायचे कारण नाही. पीटीचे सर मराठीत रागावतात, हिंदी आकड्यांत मोजतात आणि फारसी शब्दाने वळायला सांगतात. पोरांना यात काहीच वेगळे वाटत नाही.

आखाड्यातली लेझीम शाळेच्या अंगणात आणण्याचे काम विसाव्या शतकातल्या व्यायामशाळांनी केले. बडोद्याला प्रा. माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाममंदिरातून देशी व्यायामाला सामूहिक कवायतीची शिस्त लावली. त्याच बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला. पुण्यात १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. वऱ्हाडात हे काम अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने उचलले. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली त्याचा पाया घातला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. अशा संस्थांतून शारीरिक शिक्षणाचे धडे घेतलेली माणसे शाळाशाळांत शिक्षक म्हणून गेली आणि त्यांच्याबरोबर लेझीमही गेली.

या शिक्षणाचे मूळ एकक म्हणजे ‘चार आवाज’. चार आकड्यांत चार आवाज, उघड-मीट, उघड-मीट. हे चार पक्के बसले की त्यावर पाय येतात, मग कंबर, मग बैठक, मग दिशा. साखळी ओढताना दंड आणि मनगट कामाला लागते, वाकताना पाठ, बसता-उठताना मांड्या. पाच मिनिटांच्या लेझमीनंतर थंडीतही मुलांच्या कपाळावर घाम दिसतो तो याच कारणाने. आणि यातच लेझमीची खुबी आहे: आवाज हा हालचालीचाच हिशेब असतो. हात पुरता उघडला नाही तर साखळी ताणली जात नाही आणि चकत्या नुसत्या कुरकुरतात. अंगचोरी केलेली लगेच ऐकू येते. सरांना साठ मुलांकडे पाहावे लागत नाही, पाठ फिरवून उभे राहिले तरी कोणत्या रांगेत आळस आहे ते कळते.

पण साठ जण एकत्र आणणारे मूळ वाद्य वेगळे आहे. पश्चिम महाराष्ट्रात त्याला हलगी म्हणतात, आमच्या वऱ्हाडात डफडे. लाकडाच्या किंवा लोखंडाच्या कड्यावर ताणून बसवलेले कातडे, एका हातात जाडसर टिपरू आणि दुसऱ्या हातात बारीक लवचिक काडी. वाजवण्याआधी कडेला थोडा पालापाचोळा पेटवतात आणि डफडे त्या धगीवर धरतात. थंडीत, दवात कातडे ओलावा शोषून सैल पडते आणि आवाज भदभद येतो. धगीने ओलावा निघून जातो, कातडे आवळते, ताण वाढला की कंपने जलद होतात आणि आवाज चढतो. वाजवणारा मधूनमधून बोटाने टिचकी मारून पाहतो. भद, भद, टण, आणि मग कडक्. तो कडक् आला की डफडे तयार. लग्नात, मिरवणुकीत, गावाच्या प्रत्येक सुखदुःखात हे वाद्य पिढ्यान्पिढ्या वाजवले ते मुख्यतः मातंग समाजाने. त्याचा मोल-मान गावाने नेहमी ठेवला असे म्हणता येणार नाही, पण लेझमीच्या रिंगणात सगळ्यांनी ज्याचे ऐकायचे तो डफडेवालाच असतो.

ऐकायचे म्हटले खरे, पण इथे एक गंमत आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समजा मैदानाच्या एका टोकाला डफडे आहे आणि शेवटची रांग ४० मीटरवर. ठोका तिथे पोहोचायला सुमारे ०·१२ सेकंद लागतात. लय मिनिटाला १२० ठोक्यांची धरली तर दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाचे अंतर असते. म्हणजे शेवटच्या रांगेला ठोका जवळजवळ पाव मात्रा उशिरा मिळतो. तिने तो ऐकून लेझीम उघडली तर तो आवाज परत पुढे यायला आणखी तेवढाच वेळ. डफड्याजवळ खुर्चीवर बसलेल्या पाहुण्यांच्या कानी शेवटची रांग अर्धी मात्रा मागे पडलेली येते. मुलांची काहीच चूक नसते, तरी खळ्ळच्या जागी खळ्ळ-ळळ्ळ असा फाटलेला आवाज येतो.

यावर अनुभवी शिक्षकांकडे दोन साधे उपाय असतात. एक, डफडे टोकाला न ठेवता मधोमध उभे करायचे आणि मुलांचे त्याच्याभोवती रिंगण करायचे. गावच्या लेझमीत रिंगण असते ते नुसते शोभेसाठी नसते, त्यात सगळ्यांचे अंतर सारखे राहते. दोन, मुलांना सांगायचे की कानाने नको, डोळ्याने धरा. समोरच्याची कंबर वाकली की तुमची वाकली पाहिजे. उजेडाला ४० मीटर जायला लागणारा वेळ कोणत्याही माणसाला जाणवणार नाही इतका कमी असतो. बँडच्या संचालकाच्या हातात छडी असते तीही याच कामासाठी. लेझमीत पुढच्या रांगेतल्या मुलीची पाठच छडी होते.

आता हाच हिशेब मोठा करून पाहू. २६ जानेवारी २०१४ रोजी सांगलीत सांगली शिक्षण संस्थेच्या उपक्रमात ७,३३८ जणांनी एकत्र लेझीम खेळली आणि तिची नोंद गिनीजच्या विक्रमांत झाली. लेझीम आणि सांगली हे नाते जुनेच. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ भरले तेव्हाही सांगलीकडच्या सुमारे ४०० जणांनी तिथे लेझीम सादर केली होती. पण सात हजारांचे गणित वेगळे. प्रत्येकाला हात पसरायला आणि वाकायला दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद जागा दिली, तर ७,३३८ जणांना सुमारे २९,३५० चौरस मीटर लागतात. हे सगळे एका चौकोनात उभे केले तर त्या चौकोनाची बाजू जवळपास १७० मीटर येते. आणि १७० मीटर जायला आवाजाला लागतो बरोबर अर्धा सेकंद, म्हणजे १२० च्या लयीत नेमका एक ठोका.

याचा अर्थ असा की एका कडेला वाजलेला ‘एक’ समोरच्या कडेला पोहोचतो तेव्हा इकडे ‘दो’ वाजत असतो. नुसत्या कानावर विसंबून खेळणारी शेवटची रांग स्वतःपुरती अचूक तालात असेल आणि तरीही सबंध एक आकडा मागे असेल. इकडे लेझिमी उघडत असतील तेव्हा तिकडे मिटत असतील. इतक्या मोठ्या मैदानावर एका डफड्याचे काम भागत नाही. आवाज जागोजागी पोहोचवावा लागतो, रांगांमध्ये बघण्यासारखी पक्की मुले पेरावी लागतात आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रत्येकाच्या आत आकडे चालू असावे लागतात. बाहेरचा ठोका केवळ आतल्या मोजणीला दुरुस्त करण्यापुरता. सरावाचा तो महिना यातच जातो. मुले शाळेतून घरी येतानाही पुटपुटत असतात, एक-दो-तीन-चार, आणि हातात लेझमीऐवजी दप्तराचा पट्टा असतो.

पुढे ही मुले मोठी होतात आणि शाळेबाहेर पुन्हा लेझमीला भेटतात. गणपतीच्या मिरवणुकीत, शिवजयंतीला आणि वसंतात गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत. पाडव्याच्या या यात्रांचा पायंडा १९९९ साली डोंबिवलीने पाडला आणि पुढे तो गावोगाव गेला. नऊवारी नेसलेल्या, फेटे बांधलेल्या मुली-बायकांची पथके आज लेझीम घेऊन रस्त्यावर उतरतात. तिरंदाजांच्या दंडासाठी घडलेले हत्यार असे गल्लीबोळांतून फिरते. ती मंडळी शाळेतलेच चार आवाज खेळत असतात, कारण अंगात बसलेले आकडे निघत नाहीत.

मात्र लेझीम जमली की नाही याची खरी परीक्षा वाजण्यात नसते. डफडे द्रुतात गेलेले असते, मैदानावर धूळ उडालेली असते, प्रेक्षक टाळ्यांनी ठेका धरतात. त्या गर्दीत दोन-चार चुकलेल्या लेझिमी खपून जातात. परीक्षा शेवटच्या ठोक्याला असते. डफडे कडक् करून थांबते आणि त्याच ठोक्यावर साठ साखळ्या ताणलेल्या राहायला हव्यात, धनुष्य ओढून धरल्यासारख्या. ताण जरा जरी सुटला तर चकती हलते. म्हणून मुले श्वास रोखून, दंड थरथरत, साखळी ओढून धरतात. मैदानावर क्षणभर काहीच ऐकू येत नाही. मग कुठल्या तरी कोपऱ्यातून, तिसऱ्या रांगेच्या टोकाकडून, एकच चकती हळूच वाजते. छळ्. सगळे तिकडे बघतात. आणि इतका वेळ गंभीर चेहऱ्याने उभे असलेले पीटीचे सरही हसतात.