संगणकांतील धान्यकोठार

आपल्या बीडकडे पूर्वीं ज्वारी पेवांत सांठवीत. एक पेव भरून वाहिलें, तरी शेजारच्या पेवांतील मोकळी जागा त्यास आपोआप मिळत नसे. संगणकांतील जुनी फाइल-व्यवस्था अशीच होय. तबकडीचा प्रत्येक विभाग आंखलेला व स्वतंत्र. इ. स. २००५ मध्यें सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या झेडएफएस व्यवस्थेनें अनेक तबकड्यांचें एकच सामाईक कोठार केलें. ज्यास जितकी जागा लागेल, तितकी त्यांतून मिळते. शिवाय जुना मजकूर न पुसतां नवा अन्यत्र लिहिला जातो, आणि प्रत्येक तुकड्याची पडताळणी-संख्या निराळी ठेविली जाते. त्यामुळें बिघाड कळतो. दुसरी प्रत असल्यास तो दुरुस्तही होतो.

विद्यार्थ्यांनो, आज शेतकऱ्याचा सात-बारा संगणकांत आहे. त्यांतील एक आंकडा नकळत बदलला, तर केवढा अनर्थ! म्हणून सांठवणीइतकीच पडताळणीही महत्त्वाची आहे.