एकच मेंदू, अनेक मोजण्या: कसोटी कोणती?

एकाच रुग्णाच्या मेंदूची एमआरआय चित्रे उपचारापूर्वी, मध्यावर आणि अखेरीस घेतली असता ती मोजमापे परस्परांशी बद्ध असतात. त्यांस स्वतंत्र गटांची कसोटी लावणे म्हणजे एकाच साक्षीदाराची जबानी तीनदा नोंदवून तीन साक्षीदार हजर केल्याचा दावा करणे होय. मोजण्या दोनच असतील तर जोडीची टी-चाचणी बहुधा पुरते. डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेतील विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने आपली पद्धत मांडली, तेव्हा उदाहरणादाखल घेतलेले आकडेही त्याच १० रुग्णांना निरनिराळी औषधे देऊन मोजलेल्या निद्रेचेच होते.

मोजण्या तीन वा अधिक झाल्या की पुनरावृत्त मोजमापांचे प्रचरण-विश्लेषण योजतात. परंतु त्याची एक अट सर्रास विस्मरणात जाते, ती अशी की, कोणत्याही दोन वेळांमधील फरकांचे प्रचरण सर्व जोड्यांत समान असावे. ती तपासण्याची कसोटी १९४० साली जॉन मॉकली यांनी दिली (हेच गृहस्थ पुढे एनिॲक संगणकाचे सहनिर्माते झाले). अट मोडल्यास लावावयाची ग्रीनहाउस-गाइसर दुरुस्ती १९५९ ची. तथापि, जेथे काही रुग्ण मधल्या तपासणीस गैरहजर राहतात, तेथे मिश्र-परिणाम प्रतिमानच आम्हांस अधिक न्याय्य वाटते, कारण अपुऱ्या नोंदीपायी ते संपूर्ण रुग्ण दफ्तरातून खारीज करीत नाही.

शिवाय निवडलेली कसोटी मेंदूच्या हजारो सूक्ष्म घनांवर पृथक्पणे चालते, म्हणून बहुतुलनेची दुरुस्ती अनिवार्य. ती वगळून क्रेग बेनेट व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एका मृत सामन माशाची चित्रे तपासली, तेव्हा त्याच्या मेंदूतही 'क्रियाशीलता' आढळली.