नवी बॅटरी घेण्याआधी डायनामो बघा



गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढताना मोटारसायकलचा दिवा मिणमिणला, की जिवाशी गाठ असते. म्हैसूरच्या आयडियल जावाचे उत्पादन १९९६ साली थांबले, तरी तिथल्या जुन्या येझदी अजून धावतात. दिवा मंदावला की लोक नवी बॅटरी आणतात. चार दिवसांत तीही उतरते. ऊस पिवळा पडला तर आपण आधी मुळी बघतो, मगच खताचे पोते फोडतो. इथेही तसेच करावे.

सहा व्होल्टच्या डायनामोवाल्या गाडीत किल्ली फिरवताच चार्जिंगचा तांबडा दिवा लागावा आणि रेस दिल्यावर विझावा. विझत नसेल तर व्होल्टमीटर लावा. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना सुमारे ६.३ व्होल्ट दाखवते. रेस दिल्यावर काटा ७ च्या आसपास गेला पाहिजे.

जात नसेल तर बॅटरीची अर्थची वायर काढून डायनामोचे झाकण उघडा. कार्बन ब्रश झिजलेत का, त्यांची स्प्रिंग नीट दाबते का, बघा. कॉम्युटेटर काळा पडला असल्यास पेट्रोलच्या फडक्याने पुसा. पुरता वाळल्यावरच गाडी चालू करा.

कटआउटचे पॉइंट चिकटले, तर इंजिन बंद असताना बॅटरीची वीज उलटी डायनामोत जाते, वायंडिंग जळू शकते. अशा वेळी बॅटरीची वायर लगेच सोडवा आणि कटआउट जाणत्या मिस्त्रीकडूनच जुळवून घ्या.

ही तपासणी मोळी टाकण्याआधीच उरकावी, ही आमची विनंती.