घरात मोठ्याने वाचावे असे काही

आमच्या वाचनालय समितीकडे पालक येतात आणि विचारतात, "गुरुजी, पोरगं घरात मराठी बोलतंय, शाळेत कन्नड शिकतंय. मराठी वाचायला अडखळतंय. त्याला कुठलं पुस्तक देऊ?" आम्ही सांगतो, त्याला देऊ नका. तुम्ही वाचा, त्याला ऐकू द्या.

आमची पहिली पसंती व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ला (१९५५). औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर रुजू होतो. पोरे मेंढरांमागे, मग शाळा भरणार कशी? हळूहळू वाडी त्याला आपला मानते, आणि शेवटी दुष्काळ तीच वाडी ओस पाडतो. आम्ही स्वतः मास्तर, तेव्हा आमचे माप थोडे झुकते असेल. पण वाक्ये लहान, बोली रांगडी. रात्री जेवणानंतर चार-पाच पाने सहज होतात. अमोल पालेकरांचा याच नावाचा चित्रपट (१९९५) पुस्तक संपल्यावरच दाखवावा. मग पोरगे भांडते, "कारभारी असा नव्हता!" ते भांडण मराठीतच होते.

रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) थोरांसाठी. लेखक कोवाडचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. भाषा मुलांना जड जाईल. १९८७ साली दूरदर्शनवर आलेली मालिका मात्र आजीला आठवत असेल, तिलाच गोष्ट सांगायला बसवावे.

'श्यामची आई'ही वाचावी, पण औषधासारखी पाजू नये.

'बनगरवाडी'ची आमच्याकडे एकच प्रत आहे, तीही पाने सुटलेली. नेणाऱ्याने पंधरा दिवसांत परत करावी. मागे तीन घरे थांबली आहेत.