शाळांच्या संकेतस्थळावरील सामाईक चौकट

हिंगोलीसारख्या पाच तालुक्यांच्या जिल्ह्यात शाळांचे एकत्रित संकेतस्थळ वर्डप्रेसवर रचावयाचे झाल्यास प्रत्येक पानावर एकच परिचय-चौकट लागते : शाळेचे नाव, गाव, ११ अंकी यू-डायस क्रमांक, छायाचित्र आणि खाली बालकांच्या मदतीसाठी असलेला १०९८ हा क्रमांक. चौकट एकदा रचून सर्वत्र वापरण्याची सोय तेथे २०१८ पासून आहे. परंतु औंढ्याच्या पानावर गावाचे नाव बदलले की सेनगावच्या पानावरही तेच उमटे. त्यामुळे चौकट मुळापासून तोडून घ्यावी लागे, आणि मग मूळ चौकटीत केलेली दुरुस्ती त्या सुट्या प्रतीस पोचत नसे.

जुलै २०२४ च्या ६.६ या आवृत्तीने ही अडचण दूर केली. शीर्षक, परिच्छेद, चित्र व बटण यांपैकी हवे तेच भाग आता पानागणिक बदलण्यास मोकळे ठेवता येतात. मोकळ्या भागास नाव द्यावे लागते. तेथे ‘मजकूर १’ असे न लिहिता ‘गावाचे नाव’ असे स्पष्ट लिहावे. बदलीने येणाऱ्या नव्या शिक्षकास तेवढाच आधार असतो.

सर्वच भाग मोकळे ठेवण्याचा मोह मात्र होतो. १०९८ सारखा समान मजकूर बंदच राहू द्यावा. त्यात पुढे काही भर घालावयाची झाल्यास मूळ चौकटीत एकदा घातली की ती प्रत्येक पानावर दिसेल.