किनाऱ्याला न शिवलेले वादळ

तौक्ते चक्रीवादळाचा मार्ग अरबी समुद्राच्या नकाशावर रेघेने दाखविला, तर ती रेघ लक्षद्वीपाच्या शेजारून निघून केरळ, कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या चारही राज्यांना उजव्या हाताला ठेवीत उत्तरेकडे सरकते आणि अखेर सौराष्ट्रात दीव व उना यांच्या परिसरात जमिनीवर चढते. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला ती वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत कोठेही स्पर्श करीत नाही. मे २०२१ मध्ये हे वादळ निघून गेल्यावर ‘थोडक्यात निभावले’ असे जे उद्गार आपल्याकडे ऐकू आले, त्यांना या रेघेचाच आधार होता. आणि आदल्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडच्या भूमीवर थेट चढाई करून श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा कशा आडव्या केल्या होत्या याची आठवण ताजी असल्यामुळे, तसे वाटणे स्वाभाविकही होते. तथापि नकाशावरची ही रेघ केवळ वादळाच्या केंद्राची वाट दाखविते. त्या केंद्राभोवती शेकडो किलोमीटर पसरलेला वाऱ्याचा, पावसाचा आणि लाटांचा जो विस्तार असतो, त्याला तिच्यात स्थान नसते. तौक्ते किनाऱ्याला शिवले नाही हे खरे. पण न शिवल्यामुळेच ते बळावत गेले, आणि त्याची किंमत कोणी कोणी मोजली हे पाहिल्यावाचून ‘निभावले’ हा शब्द उच्चारणे मला उचित वाटत नाही.

वादळाचा जन्म झाला तो अक्षय्य तृतीयेच्या दिवशी. आग्नेय अरबी समुद्रात लक्षद्वीपाजवळ साचलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने १४ मे रोजी अवदाबाचे रूप घेतले आणि पुढच्या चोवीस तासांच्या आतच त्याला चक्रीवादळ म्हणून तौक्ते हे म्यानमारने सुचविलेले नाव मिळाले. वैशाखात अरबी समुद्राचे पाणी वर्षातील सर्वाधिक तापलेले असते. साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेले पाणी चक्रीवादळाला पोसू शकते असा सर्वसाधारण ठोकताळा असून, त्या दिवसांत तेथील पाणी तीस अंशांच्याही पुढे गेले होते. अशा पाण्यावरून उठणारी वाफ वर जाऊन थंडावते, तिचे ढग होताना तिच्यात साठलेली उष्णता मोकळी होते, त्या उष्णतेने हवा आणखी वर उचलली जाते, खाली दाब आणखी उतरतो, आणि ती पोकळी भरून काढण्यासाठी चहूबाजूंनी धावणारे वारे पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागतात. हे चक्र एकदा सुरू झाले, की त्याला खंड पाडू शकतात त्या गोष्टी मोजक्या: थंड पाणी, उंचावरील वाऱ्यांचा विरोध, किंवा जमीन. जमीन वाफेचा पुरवठा तोडते आणि घर्षणाने वाऱ्याचा वेग खाते.

तौक्तेच्या वाटेत जमीन आली नाही. नदीच्या प्रवाहात पडलेला भोवरा स्वतःभोवती फिरत असला तरी वाहतो तो प्रवाहाच्याच दिशेने, त्याप्रमाणे वादळाला पुढे नेण्याचे काम त्याच्याभोवतीचे वरच्या थरांतील वारे करीत असतात, आणि त्या आठवड्यात ते वारे त्याला किनाऱ्याला समांतर असे उत्तरेकडे हाकीत होते. १६ मे रोजी पहाटे ते पणजीच्या नैऋत्येस सुमारे १३० किलोमीटरांवर होते. १७ मे रोजी सकाळी मुंबईच्या पश्चिमेकडून, सुमारे दीडशे किलोमीटरांवरून, ते चालले होते. आणि या चोवीस तासांत, म्हणजे नेमके कोकणच्या समोरून जात असताना, त्याने ‘अतितीव्र’ या श्रेणीतून ‘अत्यंत तीव्र’ या श्रेणीत पाऊल टाकले होते. आपण ज्याला सुदैव म्हटले, ते वादळाच्या दृष्टीने चाऱ्याने भरलेले मोकळे रान होते.

येथे आणखी एक गोष्ट विचारात घेतली पाहिजे, व ती म्हणजे वादळाच्या दोन बाजू सारख्या नसतात. उत्तरेकडे चाललेल्या वादळाच्या उजव्या, म्हणजे पूर्वेच्या, बाजूला वारे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतात. म्हणून वाऱ्याच्या स्वतःच्या वेगात वादळाच्या चालण्याचा वेग मिळविला जातो, आणि डाव्या बाजूला तोच वजा होतो. आपला सारा पश्चिम किनारा तौक्तेच्या उजव्या बाजूला होता. आपल्या बंदरखात्याच्या जुन्या बावट्यांना ही बाजूंची जाण पूर्वीपासून आहे. एक व दोन हे क्रमांक दूरच्या वादळाचे, तीन व चार बंदरापुरत्या सावधगिरीचे, पण पाचपासून पुढे धोक्याच्या ज्या खुणा आहेत त्यांत, वादळ बंदराला आपल्या डावीकडे ठेवून किनारा ओलांडील की उजवीकडे ठेवून, की थेट बंदरावरूनच जाईल, याला वेगवेगळा क्रमांक आहे. दिवसा शंकूंच्या व नळकांड्यांच्या आकारांनी आणि रात्री लाल-पांढऱ्या दिव्यांनी हे सांगितले जाते. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ एवढे ऐकताच नौका आत घेणारा तांडेल हवामानशास्त्र शिकलेला नसेल. परंतु तो ज्या खुणेवर भिस्त ठेवतो तिच्यामागे हे शास्त्र उभे आहे.

कोकणपट्टीवर या वाऱ्याचा तडाखा प्रथम सिंधुदुर्गाला आणि मग रत्नागिरीला बसला. घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब शेकड्यांनी कोसळून कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली, देवगडच्या बंदरात नांगरून ठेवलेल्या नौका दोर तुटून बुडाल्या व खलाशांना प्राणास मुकावे लागले. बंदरात आणून बांधलेली नौकाही सुरक्षित राहत नाही, हे समजण्यासाठी लाटांचा स्वभाव ध्यानी घ्यावा लागतो: वादळाच्या केंद्रापाशी उठलेल्या लांब पल्ल्याच्या लाटा वाऱ्याला मागे टाकून शेकडो किलोमीटर पुढे जातात, आणि उथळ पाण्यात शिरताच उंचावून फुटतात. वारा पोहोचण्याआधी समुद्र पोहोचतो. केरळात एर्नाकुळमजवळच्या चेल्लानम गावात घराघरांत पाणी घुसले, तेव्हा वादळ समुद्रातच होते.

आणि हापूस. हंगाम उतरणीला लागला असला तरी झाडावर फळ शिल्लक होते, आणि करोनाच्या टाळेबंदीमुळे आधीच विस्कटलेल्या बाजारात बागायतदाराची उरलीसुरली आशा त्याच फळावर होती. काढणीला आलेला आंबा झेल्याने अलगद उतरवितात, देठ राखतात, चीक अंगावर ओघळू देत नाहीत, कारण चिकाचा डागसुद्धा पेटीतला भाव उतरवितो. वाऱ्याने पाडलेला आंबा याच्या नेमका उलट असतो: देठ तुटून चीक सालीवर पसरलेला, एका अंगाला मार लागलेला, वर पावसाने भिजून मातीत लोळलेला. मार लागलेली जागा एक-दोन दिवसांत काळी पडते आणि आतून सडू लागते, म्हणून तो कॅनिंगवाल्याला मिळेल त्या दराने ताबडतोब घालावा लागतो. आणि झाडे आडवी पडून रस्ते बंद, वीज गेलेली, अशा वेळी तो कॅनिंगपर्यंत न्यायचा तरी कसा? तलाठ्याच्या पंचनाम्यात पडलेले झाड मोजता येते, पण मोडलेल्या फांद्यांमुळे उभे झाड पुढची किती वर्षे कमी धरेल, हे त्या रकान्यांत मावत नाही.

मुंबईने १७ मे रोजी जे अनुभवले, ते कित्येक पिढ्यांच्या स्मरणात नव्हते. कुलाब्याला वाऱ्याच्या झोतांचा वेग ताशी ११४ किलोमीटरांवर गेला. सांताक्रूझ येथे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, जो मे महिन्याच्या हिशेबात अभूतपूर्व होता. विमानतळ सकाळपासून रात्रीपर्यंत बंद राहिला. करोनाची दुसरी लाट ओसरलेली नव्हती. वांद्रे-कुर्ला संकुल, दहिसर आणि मुलुंड येथील तंबूवजा रुग्णालयांतून ५८० रुग्णांना आधीच इतरत्र हलविण्यात आले होते, आणि हा बंदोबस्त वेळेवर झाला याचे श्रेय महापालिकेच्या यंत्रणेला मोकळेपणाने दिले पाहिजे. गेटवे ऑफ इंडियापाशी लाटा धक्क्याच्या भिंतीवरून उसळून आत येत होत्या. त्यांनी कठड्याचे दगड उखडले आणि समुद्रात टाकलेला कचरा शहराच्या अंगणात परत आणून टाकला.

तरीही समुद्राने आपला पूर्ण हात दाखविला नाही. त्या दिवशी वैशाख शुद्ध पंचमी होती. अमावास्येचे उधाण ओसरून भांगाची भरती चालू होती, त्यामुळे दुपारच्या भरतीची पातळी मुंबईच्या मानाने बरीच खाली राहिली. भरतीच्या पाण्यावर वादळाने ढकललेले पाणी चढते. म्हणून तेच वादळ आठ-दहा दिवसांनी आले असते, तर काय घडले असते याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. २६ मे रोजी, वैशाखी पौर्णिमेला, बंगालच्या उपसागरात यास नावाचे चक्रीवादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर चढले, आणि पौर्णिमेच्या उधाणाशी त्याची गाठ पडून दिघा व सुंदरबनात बांध ओलांडून खारे पाणी वस्त्यांत आणि शेतांत भरले.

तौक्तेने अखेर १७ मे रोजी रात्री सौराष्ट्राचा किनारा ओलांडला, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १६० ते १७० किलोमीटर होता. गीर सोमनाथ आणि अमरेली जिल्ह्यांतील केसर आंब्याच्या व नारळाच्या बागा मुळापासून उपटल्या गेल्या. आपल्या समोरून जाताना साठवीत गेलेले बळ त्या वादळाने तेथे खर्चिले, आणि उरलेल्या ओलाव्याचा पाऊस १९ मेच्या सुमारास थेट दिल्लीपर्यंत पडला.

परंतु सर्वांत मोठे मोल मोजले ते ना कोकणाने, ना सौराष्ट्राने, तर भर समुद्रात असलेल्या माणसांनी. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात तेलविहिरींची जी वसाहत आहे, तिच्या परिसरात कामगारांच्या निवासाचे तराफे नांगरलेले होते. त्यांपैकी पी-३०५ या तराफ्यावर २६१ माणसे होती. त्याला स्वतःचे इंजिन नव्हते. तो नांगरांवर उभा राहत असे, आणि हलवायचा तर दुसऱ्या नौकेने ओढावा लागे. १७ मे रोजी पहाटेच्या सुमारास त्याचे नांगर सुटू लागले, वाहत जाऊन तो तेलविहिरीच्या एका फलाटावर आदळला, त्याच्या तळाला भोक पडले, आणि सायंकाळी तो बुडाला. लाइफ जॅकेट घालून, एकमेकांचे हात धरून, दोन-तीन मजली लाटांत माणसे तासन्‌तास तरंगत राहिली. आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकाता या युद्धनौकांनी अंधारात, उधाणलेल्या पाण्यात, त्यांना एकेक करून वर घेतले. या तराफ्यावरचे १८६ जण वाचले, सत्तरहून अधिक दगावले. वरप्रदा या ओढनौकेवरच्या तेरांपैकी दोघेच हाती लागले. दुसरा एक तराफा वाहत जाऊन पालघरच्या किनाऱ्याजवळ रुतला व त्यावरचे सर्व १३७ जण सुखरूप निघाले. कित्येक मृतदेह पुढे रायगडच्या आणि वलसाडच्या किनाऱ्यांना लागले, आणि काहींची ओळख पटविण्यासाठी जनुकीय चाचणीचा आधार घ्यावा लागला.

हवामान खात्याने ११ मेपासूनच सूचना देण्यास प्रारंभ केला होता. केरळपासून गुजरातपर्यंत मासेमारी नौका बहुतांशी बंदरांत परतल्या, आणि १ जूनच्या पावसाळी बंदीआधीचा हातातला शेवटचा पंधरवडा सोडून देणे त्यांना सोपे नव्हते. ज्या नाखव्याची सारी मिळकत एका नौकेत आणि चार जाळ्यांत आहे, त्याने नुकसान सोसून बावट्याचा मान राखला. ज्यांच्यापाशी साधनसंपत्तीची वाण नव्हती, त्यांच्या तराफ्यांवरची शेकडो माणसे मात्र वादळाच्या उजव्या हाताला नांगरून राहिली. केंद्र सरकारने चौकशीसाठी उच्चस्तरीय समिती नेमली. इंजिन नसलेल्या तराफ्याला ओढून आणण्यास किती तास लागतात, ओढनौका किती लागतात, तो कोणत्या बंदरात घ्यायचा, आणि माणसे आधी उतरवून आणण्याचा हुकूम कोणी व कितव्या बावट्याला द्यायचा, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे दरवर्षी चैत्र सरण्याआधी प्रत्येक तराफ्याच्या दप्तरात असली पाहिजेत, कारण वैशाखातला अरबी समुद्र चार-पाच दिवसांहून अधिक मुदत देत नाही.